मुलाखतीत ‘तुमचं अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय?’ असं विचारलं तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही जिंतूर भागातले, डी.एल.एड. ही शिक्षक पदविका झालीय, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा झालीय, पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून एका संस्थेच्या मुलाखतीसाठी नाव आलंय. तिथे ‘तुमचे अध्यापनाचे तत्त्वज्ञान सांगा’ आणि ‘चांगल्या शिक्षकाचे गुण कोणते’ हे दोन प्रश्न येतातच, असं तुम्हाला कुणी सांगितलंय. तुम्ही उत्तर तयारही केलंय: विद्यार्थिकेंद्रित, आनंददायी, ज्ञानरचनावादी (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं असं मानणारं) अध्यापन, संयम, प्रेम, वक्तशीरपणा. एवढं पुरेल का, असं विचारताय. शेवटी एक ओळ जरा दबकत लिहिलीय, की नोकरी लागली आणि दोन शिक्षकी शाळा मिळाली तर पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं. मला तुमचा खरा प्रश्न तोच वाटतो. त्यावर शेवटी येते.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर सव्वीस वर्षं शिकवतेय, पहिली ते पाचवी. बहुतेक गावं ऊसतोडीची. त्यामुळे माझं सांगणं लहान मुलांच्या आणि अशा गावांच्या अनुभवातून आलेलं आहे. दहावीला बीजगणित शिकवणाऱ्या सरांना यातलं काही लागू पडेल, काही नाही. लातूरला बारावीच्या मुलांकडून रोज प्रश्नपत्रिका सोडवून घेणाऱ्या शिक्षकांचं काम वेगळं आहे आणि ते हलकं नाही. तिथे मूल काय करायचं ते ठरवून आलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलाला शाळा म्हणजे काय हेच अजून ठरवायचं असतं. तुम्ही कुठे शिकवणार त्यावर बरंच अवलंबून आहे, हे आधी मान्य करून पुढे वाचा.

तुम्ही लिहिलेले शब्द चुकीचे नाहीत. पण ते कुणीही म्हणू शकतं, छडी हातात घेऊन वर्गात फिरणारासुद्धा. तत्त्वज्ञान म्हणजे तुम्ही काय मानता हे नसून मुलाला एखादी गोष्ट येत नाही त्या घडीला तुमचा पहिला संशय कुणावर जातो, ते आहे. मुलावर जातो, त्याच्या घरावर जातो, की आपण सांगितलं त्यावर जातो? सव्वीस वर्षांत मला एवढं एकच नक्की कळलंय: लहान मुलाच्या चुकलेल्या उत्तरामागे जवळजवळ नेहमी विचार असतो. तो विचार शोधणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ते शोधायला जे जे लागतं ते चांगल्या शिक्षकाचे गुण.

हे कुठून कळलं ते सांगते. माझ्या नोकरीचं चौथं वर्ष. तिसरीत एक मुलगी होती. अक्षर सुंदर, वही स्वच्छ, पण वजाबाकीच्या दहा गणितांत सहा चूक. रोज तेच. मी रोज लाल पेनाने फुल्या मारायची आणि खाली लिहायची, ‘लक्ष दे’. मला ती धांदरट वाटायची, कारण चार बरोबर येत होती. म्हणजे येतं, पण लक्ष नाही. एक दिवस पाऊस लागला, वर्गात सातआठच मुलं होती. वेळ होता म्हणून तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, आज तू बाई हो, मला शिकव. तिने पाटीवर ५२ वजा २७ मांडलं. दशकात पाचातून दोन गेले, तीन. एककाला आली, सात आणि दोन पाहिले आणि ठासून म्हणाली, “लहानातून मोठं जात नसतं. म्हणून मोठ्यातून लहान काढायचं. सातातून दोन गेले, पाच.” उत्तर ३५.

मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाली, “तुम्हीच म्हणलात की, बाई.”

आणि खरंच मीच म्हटलं होतं. ‘लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही’ हे वाक्य मी दर वर्षी फळ्यापाशी म्हणायची, पुढे हातचा सांगायची. तिने पहिलं वाक्य नियम म्हणून धरलं आणि प्रामाणिकपणे पाळलं. बरोबर आलेली चार गणितं बिनहातच्याची होती, ४७ वजा २३ सारखी. चुकलेली सहाच्या सहा हातच्याची. मी वहीकडे एकदा नीट पाहिलं असतं तर ती सहा गणितं ओरडून सांगत होती की ही मुलगी धांदरट नाही, ही एक नियम पाळतेय. मी महिनाभर त्यांवर फुल्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी गावातून तुराट्या आणल्या, काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, मला यातल्या सत्तावीस दे. दोन गठ्ठे तिने लगेच उचलून दिले. सात सुट्या द्यायची वेळ आली तेव्हा हात थांबला. दोनच होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. मग तिने स्वतःच एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. सुतळी सोडली तेव्हा ‘हातचा’ हा शब्द तिला पहिल्यांदा कळला असं मला वाटतं. मलाही शिकवण्याच्या अंगाने तो तेव्हाच कळला.

म्हणून विषयाचं ज्ञान हा गुण मी पहिला धरते, आणि तोच लोक गृहीत धरतात. ‘पहिली-दुसरीला काय एवढं’ असं शिक्षकच म्हणतात. वजाबाकी करता येणं वेगळं आणि वजाबाकीत मूल कुठे कुठे अडखळू शकतं हे माहीत असणं वेगळं. दुसरं ज्ञान पदवीत मिळत नाही, ते वह्यांत मिळतं.

मराठी आकड्यांचंच घ्या. तुम्ही ‘सत्तेचाळीस’ म्हणता आणि मूल ७४ लिहितं. पालक म्हणतात उलटं लिहितो, काहीतरी बिघाड आहे. बिघाड कसला? त्याच्या कानावर आधी सात येतो, मग चाळीस. ऐकलं त्या क्रमाने त्याने लिहिलं. ‘एकोणपन्नास’ तर त्याहून अवघड, त्यात पन्नास ऐकू येतं आणि लिहायचे असतात चार आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचायची रीत दिली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, भाषा बुडाली म्हणून. मला स्वतःला दोन्ही हवं असतं. घरात, बाजारात सत्तेचाळीसच म्हणणार, ते मुलाला आलंच पाहिजे. पण लिहायला शिकताना चार-सहा आठवडे ‘चाळीस सात म्हणजे सत्तेचाळीस’ असं जोडीने म्हणून घेतलं की ७४ लिहिणारी मुलं फार कमी उरतात. हा माझ्या वर्गातला अनुभव आहे. तुमच्या वर्गात करून पाहा आणि ठरवा.

दुसरा गुण मी कान म्हणेन. आपल्याला बोलायचं प्रशिक्षण मिळतं, ऐकायचं मिळत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तीनेक सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. हे एका प्रशिक्षणात ऐकलं आणि मी मनात एक, दोन, तीन मोजायला लागले. सांगते, ते तीन सेकंद फार जड जातात. वर्गात शांतता पसरली की आपलं काही चुकलं असं वाटतं, हात फळ्याकडे जातो. पंधरा दिवस नेटाने केलं तेव्हा मागच्या रांगेतल्या एका पोराचा आवाज मी त्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. दिवाळी झाली होती तोपर्यंत.

ऐकायचं म्हणजे भाषाही आली. एका शाळेत माझ्याकडे तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीवरची मुलं होती, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी. पहिलीत चित्र दाखवून विचारलं, ही कोण? सगळी म्हणाली आई. एक पोरगी म्हणाली, “याडी.” मी म्हटलं, चूक, आई म्हण. तिने आई म्हटलं आणि पुढे दोन महिने वर्गात तोंड उघडलं नाही. आपल्या आईला आपण ज्या नावाने हाक मारतो तो शब्द चूक आहे, हे मी सहा वर्षांच्या लेकराला सांगितलं होतं.

आणि हे मला तरी कळायला हवं होतं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शाळेत गेले. घरात मराठी, शाळेत उर्दू. मास्तर काय म्हणतात ते पहिलं वर्ष-दीड वर्ष कळायचंच नाही, नुसतं पाठ करायचो, असं ते सांगायचे. आपल्याच भाषेत शिकता यावं म्हणून मराठवाड्यात लोकांनी हिंमतीने स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते. दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आपण झेंडा लावून हे मुलांना सांगतो. त्याच शाळेत तांड्यावरच्या मुलीला ‘याडी’ म्हणायची चोरी. मी त्या मुलीच्या आईकडून चाळीस-पन्नास शब्द लिहून घेतले आणि भिंतीवर दोन रकाने केले, एकीकडे मराठी, एकीकडे गोरमाटी. गोरमाटी शब्द वाचताना माझे उच्चार चुकायचे आणि तीच पोरगी मला सुधारायची. तिचं तोंड तिथून उघडलं.

तिसरी गोष्ट, मुलाला शाळेबाहेर काय येतं हे शिक्षकाला माहीत हवं. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं बरोबर. हंगामी वसतिगृह चालू झालं आणि घरी आजी असली तर काही मुलं मागे राहतात. बाकीची थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नुसत्या रेघा असतात. अशाच एका चौथीतल्या मुलाला मी मार्चच्या शेवटी गुणाकार दिला, २३ गुणिले ५. त्याने लिहिलं १०१५. दोन पाचे दहा, तीन पाचे पंधरा, शेजारी शेजारी मांडून मोकळा.

तो फडावर, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतात, उसाचे वाढे (शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांचा चारा) विकायचा, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, पाच रुपयाला पेंढी, तेवीस पेंढ्या गेल्या, किती झाले? डोळेही मिटले नाहीत. “वीसाचे शंभर, वरच्या तीनाचे पंधरा. एकशे पंधरा.” मग मी नुसती वही त्याच्यापुढे सरकवली. तेवीस पेंढ्यांचे हजाराच्या वर कोण देतं? तो हसला, १०१५ खोडलं, आणि ‘१००’ लिहून त्याखाली ‘१५’ लिहिलं. गुणाकाराची रीत त्याला येतच होती, ती पुस्तकात ज्या रूपात असते त्या रूपात येत नव्हती एवढंच. ‘मागे पडलेला’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर आधीच्या वर्षी होता. तो पाच महिने हिशेबच करत होता.

इथे एक गोष्ट साफ सांगते, कारण अशा कहाण्या ऐकून लोक भलताच अर्थ काढतात. फडावर मूल शिकतं म्हणून फडावर गेलेलं चालेल, असं मी म्हणत नाही. त्याने वाचन गमावलं होतं, आणि ते वाढे विकून भरून येत नाही. त्याच्या वाचनासाठी मला पुढचं अख्खं वर्ष झटावं लागलं.

संयम आणि प्रेमाबद्दल तुम्ही लिहिलंय. मला वाटतं हे गुण घेऊन कुणी येत नाही, निदान मी आले नव्हते. पहिल्या तीन-चार वर्षांत माझ्या हातात पट्टी असायची आणि ती मी वापरलीय. एका मुलाला पाढा चुकला म्हणून मारलं, नंतर तो उत्तर माहीत असूनही हात वर करायचा नाही. त्याचा चेहरा अजून समोर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण माझी पट्टी सुटली ती त्याच्याही आधी, वजाबाकीच्या त्या मुलीपासून. चुकीमागे कारण असतं हे एकदा पाहिलं की राग यायला जागाच राहत नाही, उलट कुतूहल वाटतं. संयम हवा असेल तर कुतूहल वाढवा, असं मी नव्या शिक्षकांना सांगते. दात-ओठ खाऊन धरलेला संयम चौथ्या तासाला सुटतो.

आणखी एक, मुलांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणता येणं. फळ्यावर चुकीचं लिहिलं आणि मुलाने दाखवलं तर खोडून ‘बरोबर आहे तुझं’ म्हणायचं, बस्स. त्या वर्गात मग मुलंही चूक लपवत नाहीत, आणि चूक दिसली तरच तुम्हाला काम करता येतं.

आता मुलाखत. समोरच्या समितीत कोण बसलंय ते पाहावं लागेल. एखाद्या ठिकाणी त्यांना निकालाची टक्केवारीच ऐकायची असते, एखाद्या ठिकाणी मुख्याध्यापक स्वतः जुने शिक्षक असतात. दोन्हीकडे चालेल असं उत्तर म्हणजे एक घडलेली गोष्ट. तुम्ही इंटर्नशिपला शाळेवर गेला असालच. तिथलं एक मूल आठवा ज्याला काही येत नव्हतं. तुम्ही काय पाहिलं, आधी काय वाटलं, काय केलं, काय जमलं, काय जमलं नाही. दोन मिनिटांत सांगा आणि शेवटी एका वाक्यात म्हणा, म्हणून मी असं शिकवतो. ज्ञानरचनावाद हा शब्द त्या गोष्टीतून आपोआप निघत असेल तर वापरा, नाहीतर राहू द्या. मोठ्या शिक्षणतज्ज्ञाचं नाव घ्यायचं असेल तर त्यांच्या म्हणण्यातलं एक तरी तुम्ही वर्गात करून पाहिलेलं असावं, कारण पुढचा प्रश्न तोच येतो. जमलं नाही ते सांगायला घाबरू नका. मी स्वतः उमेदवारांच्या पाठांच्या निरीक्षणाला बसलेय; जो उमेदवार म्हणतो ‘इथे माझा पाठ फसला, कारण मी सूचना दोनदा बदलली’, त्याचं नाव लक्षात राहतं.

पाठ घ्यायला सांगितला तर सगळा घटक संपवायच्या मागे लागू नका. एक प्रश्न विचारा, थांबा, उत्तर ऐका, आणि ‘असं का वाटलं तुला?’ एवढं बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकलेल्यालाच विचारलं की मुलं ओळखतात आणि तो प्रश्न कानावर पडताच उत्तर बदलतात.

राहिला पहिला दिवस. दोन शिक्षकी शाळा म्हणजे तुमच्या वाट्याला दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. शिवाय पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, बैठका. सगळ्या इयत्तांना रोज सगळं शिकवायचं ठरवलंत तर आठवड्यात थकाल. एका वेळी एकाच गटाजवळ खाली बसा, बाकीच्यांना हाताला काम द्या: गठ्ठे बांधणं, शब्दचिठ्ठ्या जुळवणं, मोठ्याने धाकट्याला वाचून दाखवणं. आवाज होईल. कामाचा आवाज असेल तर होऊ द्या.

आणि पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला एक पान. घरी कोणत्या नावाने हाक मारतात, घरी कोणती भाषा, घरात कोण कोण, कोण तोडीला जातं, गेल्या वर्षी हे मूल कुठल्या महिन्यात गेलं आणि कधी आलं, त्याला शाळेबाहेर काय येतं. हे एका दिवसात होणार नाही, पंधरा दिवस लागतील, काही घरी जावं लागेल. मग त्याच पानावर त्याच्या चुका जशाच्या तशा उतरवायला लागा, ‘५२ − २७ = ३५’ अशा, शेरा न मारता. दसऱ्यापर्यंत पानं भरतात. मुलं जायला निघाली की ज्याच्या-त्याच्या पानावरून पाहून त्याला नेमकं काय सोबत द्यायचं ते ठरवता येतं, आणि आजीपाशी राहू शकेल अशा मुलासाठी वसतिगृहाची यादी द्यायच्या आत आजीची गाठ घेता येते.